घरातील दुरुस्तीसाठी हत्यारांची निवड आणि टाळायच्या चुका

कपाटाची सैल झालेली बिजागरी, गळणारा नळ, भिंतीवर लावायची फळी किंवा वाकडी झालेली पडद्याची दांडी अशी लहानसहान कामे प्रत्येक घरात निघतात. एवढ्याशा कामासाठी सुतार किंवा प्लंबर लवकर मिळत नाही, म्हणून अनेक जण ती स्वतःच करतात. अशी कामे बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा कौशल्य कमी पडलेले नसते. हत्यार चुकीचे किंवा चुकीच्या मापाचे असते, नाहीतर काम सुरू करण्यापूर्वीची तपासणी राहून गेलेली असते. नट पक्कडीने फिरवला की त्याच्या कडा झिजतात आणि त्यानंतर योग्य पानाही त्यावर बसत नाही. पाच मिनिटांचे काम मग खर्चाचे होऊन बसते.

घरात कोणती हत्यारे असावीत?

सुरुवातीला पुढील हत्यारे पुरतात:

- ५ मीटरची मेजरिंग टेप
- साधारण ३०० ते ४५० ग्रॅम वजनाची, मागे खिळे उपटण्याची चीर असलेली हातोडी
- चपटे आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर, प्रत्येकी दोन मापांचे
- पक्कड
- ८ किंवा १० इंची ॲडजस्टेबल पाना
- पाणसळ, म्हणजेच स्पिरिट लेव्हल
- हॅक्सॉ आणि त्याची पाती
- कटर, कानस आणि टेस्टर
- डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा

पन्नास-साठ नगांचा स्वस्त संच घेण्याची चूक बरेच जण करतात. त्यातली निम्मी हत्यारे कधी वापरली जात नाहीत आणि जी वापरली जातात ती मऊ पोलादाची निघतात. त्यापेक्षा मोजकी पण चांगली हत्यारे गरजेप्रमाणे एकेक करून घ्यावीत. वर्षातून एकदाच लागणारे ड्रिल मशीन भाड्याने किंवा शेजाऱ्यांकडून आणले तरी चालते.

दुकानात काय पाहावे?

मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील बोहरी आळी यांसारख्या बाजारांत एकाच हत्याराचे अनेक दर्जे मिळतात. सगळे दिसायला सारखेच असल्याने हत्यार हातात घेऊन तपासावे.

- पक्कड: मिटून उजेडासमोर धरावी. टोकाशी फट दिसू नये आणि सांधा डगमगू नये.
- स्क्रू ड्रायव्हर: टोकाच्या कडा रेखीव असाव्यात. दांडीवर क्रोम व्हॅनेडियम पोलादाची खूण असेल तर चांगले, पण केवळ खुणेवर विसंबू नये.
- हातोडी: दांडा डोक्यात घट्ट बसलेला असावा. सैल डोके काम करताना निसटून कोणाला तरी लागू शकते.
- पाणसळ: सपाट जागेवर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे, मग ती त्याच जागी उलट दिशेने फिरवून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला तर पाणसळ बरोबर आहे.

मापातील चुका

मेजरिंग टेपच्या टोकाची पत्र्याची कडी थोडी हलते. ती सैल झाली असे समजून काही जण ठोकून पक्की करतात. प्रत्यक्षात ती मुद्दामच हलती ठेवलेली असते. कडी फळीला अडकवून मोजताना ती बाहेर ओढली जाते आणि भिंतीला टेकवून मोजताना आत सरकते. हे सरकणे कडीच्या जाडीइतकेच असते, त्यामुळे दोन्ही मापे बरोबर येतात.

दुसरा घोटाळा एककांचा असतो. सुतार अजूनही इंच आणि सुतात बोलतात. ८ सूत म्हणजे १ इंच, म्हणजेच १ सूत साधारण ३ मिलिमीटर. प्लायवूडची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. एका कामाची सगळी मापे एकाच एककात लिहावीत आणि कापण्यापूर्वी दोनदा मोजावे.

कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुण्या नसतानाही तपासता येते. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फूट आणि दुसऱ्या बाजूवर ४ फूट खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा काटकोनात आहे.

स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर

स्टार स्क्रू ड्रायव्हर वेगवेगळ्या मापांचे असतात. बिजागऱ्या आणि लाकडी कामाच्या नेहमीच्या स्क्रूंना बहुधा २ नंबरचे टोक लागते. लहान टोक मोठ्या स्क्रूत फिरते आणि त्याची खाच खाऊन टाकते. टोक खाचेत घट्ट बसते का ते आधी पाहावे, मग सरळ रेषेत दाब देऊन फिरवावे. स्क्रू ड्रायव्हरचा छिन्नी किंवा पहारीसारखा वापर करू नये. त्याचे टोक मोडते आणि निसटल्यास हातात घुसते.

लाकडात थेट स्क्रू पिळला तर कडेजवळचे लाकूड चिरते. म्हणून आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे. जुने भोक मोठे झाल्यामुळे बिजागरी सैल झाली असेल, तर त्यात बांबूच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून बसवाव्यात. गोंद पूर्ण वाळला की तोच स्क्रू पुन्हा पक्का बसतो.

पाना, पक्कड आणि नळ

पक्कड धरण्यासाठी, वाकवण्यासाठी आणि तार कापण्यासाठी असते. नटासाठी पाना वापरावा. ॲडजस्टेबल पान्याचा एक जबडा पक्का आणि दुसरा सरकता असतो. पाना नटावर घट्ट बसवावा आणि जिकडे फिरवायचा त्या बाजूला सरकता जबडा ठेवावा. त्यामुळे मुख्य जोर पक्क्या जबड्यावर येतो आणि पाना निसटण्याची शक्यता कमी होते.

नळाला हात लावण्यापूर्वी पाणी कुठून बंद होते ते शोधून ते बंद करावे. इमारतीत अनेक नळांचा एकच व्हॉल्व्ह गच्चीवर असू शकतो आणि तो जुना असल्यास नीट बंदही होत नाही. नळ उघडून पाणी थांबल्याची खात्री करावी. नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप नळ ज्या दिशेने पिळला जातो त्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप पिळताना सुटून येते. चकचकीत नळावर फडके ठेवून पाना लावावा. जोडणी प्लास्टिकच्या पाइपची असेल तर जादा जोर देऊ नये, कारण तडा भिंतीच्या आत गेला तर टाइल्स फोडाव्या लागतात.

भिंतीत भोक पाडताना

वजन पेलण्याचे काम प्लॅस्टरने होत नाही. भिंतीचे आतले प्लॅस्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचे असते, त्यामागे वीट, ब्लॉक किंवा काँक्रीट असते. प्लास्टिकची गिट्टी विटेत खोलवर बसली पाहिजे. गिट्टी आणि ड्रिलचे पाते एकाच मापाचे असावे, उदाहरणार्थ ६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ मिलिमीटरचे पाते. नव्या इमारतींतील हलक्या एएसी ब्लॉकमध्ये साधी गिट्टी सैल पडते. त्यासाठी वेगळी गिट्टी मिळते आणि भोक पाडताना ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद ठेवावा लागतो.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडू नये, कारण तिथे वायर किंवा पाइप असण्याची शक्यता जास्त असते. काँक्रीटचे खांब आणि तुळया छिन्नीने कधीही फोडू नयेत. त्यांच्यावर संपूर्ण इमारतीचा भार असतो.

वीज: सर्वांत महागडी चूक

घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि तिचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे नसते, एमसीबी बंद करावा लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मुख्य पुरवठा तोडल्यावरही त्यावरील वायरींमध्ये वीज चालू राहते, त्यामुळे इन्व्हर्टरचा पुरवठाही तोडावा.

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नये. टेस्टर बिघडलेला असू शकतो. तो धरणारी व्यक्ती कोरड्या लाकडी स्टुलावर उभी असेल तर त्याचा उजेड मंद पडतो आणि दिवसाच्या प्रकाशात दिसतही नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर तपासावा, मग कामाच्या जागी लावावा आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर तपासावा. पक्कडीच्या मुठीवरचे साधे प्लास्टिकही विजेपासून संरक्षण देत नाही. त्यासाठी १००० व्होल्टची खूण असलेली इन्सुलेटेड हत्यारे वेगळी मिळतात.

वायरिंग बदलणे, गीझरची जोडणी, गॅसची जोडणी आणि भिंत किंवा खांबाची तोडफोड ही कामे घरी करू नयेत. ती परवानाधारक वायरमन, गॅस वितरकाचा माणूस किंवा अभियंत्याकडेच द्यावीत.

हत्यारांची निगा

कोकणासारख्या दमट हवेत हत्यारे एका पावसाळ्यात गंजतात. काम झाल्यावर ती पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या डब्यात ठेवावीत. हॅक्सॉचे पाते बसवताना दातांची टोके मुठीपासून लांब, पुढच्या दिशेला असावीत, कारण ते पुढे ढकलताना कापते. बोथट पाते किंवा कटर लगेच बदलावा. त्याला जास्त जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की हात निसटतो.