मोटवानेचा मीटर आणि उलटा कपॅसिटर

मागच्या रविवारी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एक स्फोट झाला. तसा छोटासाच. कपॅसिटरचं ॲल्युमिनियमचं टोपण उडालं आणि माझ्या भाच्याच्या चष्म्यावर आपटलं. चष्मा नसता तर काय झालं असतं ह्यावर ताई आणि मी अजून बोललेलो नाही. "तुझं इंजिनिअरिंग ऑफिसातच ठेव" एवढं म्हणून ती त्याला घेऊन गेली. (तिला कोण सांगणार की ऑफिसात मी फक्त जावा लिहितो!)

आम्ही बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय बनवत होतो. ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सर्किट बरोबर होतं, दोनदा तपासलं होतं. डायोड मात्र जुन्या बोर्डावरून काढलेले, पट्टी पुसून गेलेली. म्हणून बाबांचा काट्याचा मोटवाने मीटर काढला. ओहमच्या रेंजवर लाल प्रोब ज्या टोकाला लावल्यावर काटा हलला, ते टोक ॲनोड. लाल म्हणजे प्लस, अजून काय? चारही डायोडवर मार्करने खुणा केल्या. आणि चारही उलट्या निघाल्या.

एखादाच चुकला असता तर ट्रान्सफॉर्मर तापला असता, फ्यूज गेला असता. चारही सारखेच चुकले की ब्रिज छान चालतो, फक्त प्लसच्या जागी मायनस येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला उलटा करंट अजिबात सहन होत नाही. आत गॅस होतो, आणि मग फट्!

चूक मीटरची नव्हती, माझ्या अज्ञानाची होती. ह्या अज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२३ च्या सुमारास इंग्लंडच्या पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी तीन-तीन यंत्रं बाळगून वैतागले आणि त्यांनी अँपिअर, व्होल्ट, ओहम एकाच डब्यात बसवले. काटा एकच, आणि तो उजवीकडे हलायला करंट लाल टोकातूनच आत शिरायला हवा. व्होल्ट मोजताना करंट बाहेरून येतो, काही प्रश्न नाही. ओहम मोजताना मात्र करंट मीटरच्या आतल्या सेलचा. तो लाल टोकातून आत यायचा तर काळ्यातून बाहेर पडायला हवा. म्हणजे ओहमवर काळा प्रोब प्लस! डिजिटल मीटरमध्ये हे नाही, तिथे लाल तो लालच. मी कॉलेजात शिकलो तो डिजिटलवर.

आता मोटवाने. नाशिकरोडची कंपनी, एवढंच मला ठाऊक होतं. रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. १९०९ मध्ये ग्यानचंद मोटवाने ह्यांनी सिंधमधल्या सक्करला सुरू केलेला धंदा पुढे मुंबईत आला आणि 'शिकागो रेडिओ' म्हणून नावारूपाला आला. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर त्यांचेच असत. १९४२ च्या 'चले जाव' नंतर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा नानिक मोटवानेंनी सामानाची मदत केली. ट्रान्समीटर जोडला नरिमन प्रिंटर ह्या तंत्रज्ञाने. ४२.३४ मीटर ही त्यांची तरंगलांबी. ३०० ला तिने भागा, साधारण ७.१ मेगाहर्ट्झ येतं. हौशी रेडिओवाल्यांचा ४० मीटरचा पट्टा तो हाच! हौशी परवाने सरकारने १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच रद्द केले होते, म्हणजे त्या काळी हे छंदाचं सामान घरात सापडणं हाच गुन्हा. जागा बदलत बदलत प्रक्षेपण चालू राहिलं. नोव्हेंबरात प्रिंटर पकडला गेला आणि त्यानेच पोलिसांना पत्ता दाखवला. बावीस वर्षांच्या उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिक मोटवाने निर्दोष सुटले.

आणि त्याच घराण्याच्या कंपनीचा मीटर माझ्या टेबलावर, मी त्याला न विचारता गृहीत धरलेला.

नवीन छंद लागलेल्यांनो, मीटर हातात घेतलात की आधी मीटरच तपासा. पट्टी दिसतेय असा नवा डायोड घ्या आणि ओहमवर कुठला प्रोब प्लस ते बघा, दोन मिनिटांचं काम. दुसरं म्हणजे सगळं एकदम जोडू नका. मी कपॅसिटर लावण्याआधी ब्रिजच्या आउटपुटवर व्होल्टची रेंज लावली असती, तर काटा डावीकडे आपटून ओरडला असता. कपॅसिटर किमान २५ व्होल्टचा घ्या, कारण बारा व्होल्ट एसीचं शिखर सतराच्या आसपास जातं. पहिल्यांदा चालू करताना तोंड लांब. चष्मा तर हवाच, नंबर असो वा नसो. आणि घरच्या २३० व्होल्टला हात घालायची घाई नको, वर्षभर बॅटरीवरच खेळा.

काल मीटरच्या मागे कागद चिकटवला, 'ओहमवर काळा = प्लस'. संध्याकाळी ताईचा फोन आला. भाचा विचारतोय म्हणाली, पुढच्या रविवारी यायचं का, आणि तुझ्याकडे दुसरा चष्मा आहे का.