मल्टिपल स्क्लेरोसिस : निदान व उपचार

मेंदू, मेरुरज्जू आणि नेत्रचेता यांतील चेतातंतूंवरील मायलिन आवरणावर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यामुळे होणारा दीर्घकालीन विकार. आवरण नष्ट झालेल्या जागी निबर चट्टे उरतात, संदेशवहन मंदावते आणि कालांतराने तंतूही झिजतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीदरम्यान सुरू होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. एपस्टीन-बार विषाणूच्या पूर्वसंसर्गाशी त्याचा निकटचा संबंध आढळला आहे. भारतात हा विकार युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी दिसतो. मात्र पारशी समाजात तो तुलनेने अधिक असल्याचे मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले.

लक्षणे : एका डोळ्याने अंधुक दिसणे व तो हलवताना दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरता, पायांत अशक्तपणा, एकाची दोन दिसणे, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे आणि कमालीचा थकवा ही नेहमीची लक्षणे. सुमारे ८५ टक्के रुग्णांत आजार झटक्यांच्या रूपात येतो व मधल्या काळात ओसरतो. उरलेल्यांत तो सुरुवातीपासून हळूहळू वाढत जातो. ताप किंवा संसर्ग नसताना किमान २४ तास टिकलेल्या लक्षणांनाच झटका मानतात. उन्हाने, तापाने किंवा गरम पाण्याच्या आंघोळीने जुनी लक्षणे तात्पुरती बळावतात. तो नवा झटका नव्हे.

निदान : कोणत्याही एका तपासणीने हा विकार सिद्ध होत नाही. चेतासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी इजा झाली आहे, तसेच तिचे दुसरे कारण नाही, हे दाखवावे लागते. मॅक्डॉनल्ड निकष (२००१, नंतर वेळोवेळी सुधारित) याच तत्त्वावर उभे आहेत. एमआरआयमध्ये मेंदूतील पोकळ्यांभोवती, मेंदूच्या बाह्यकात किंवा त्याला लागून, मस्तिष्कस्तंभ-अनुमस्तिष्कात व मेरुरज्जूत चट्टे शोधतात. २०२४ च्या सुधारणेत नेत्रचेतेची भर पडली. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर ताजे चट्टे उजळतात, जुने उजळत नाहीत. त्यामुळे इजांचे वेगवेगळे वय कळते. कमरेतून काढलेल्या मस्तिष्कमेरुद्रवात ऑलिगोक्लोनल पट्टे आढळल्यास निदानाला बळकटी येते.

भारतात क्षयरोग, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, ल्युपस आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांची शक्यता विशेषत्वाने तपासावी लागते. शेवटच्या विकारात ॲक्वापोरिन-४ विरोधी प्रतिपिंडे सापडतात. त्या रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमॉड यांसारखी मल्टिपल स्क्लेरोसिसची औषधे दिल्यास आजार बिघडू शकतो. म्हणून शंका असेल तेथे उपचारांपूर्वी ही रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.

उपचार : तीव्र झटक्यात मेथिलप्रेडनिसोलोन सहसा रोज १ ग्रॅम याप्रमाणे ३ ते ५ दिवस शिरेतून देतात. त्याने झटका लवकर ओसरतो. दीर्घकालीन वाटचाल बदलत नाही. गुण न आल्यास रक्तद्रव बदलण्याचा उपाय करतात. झटके व नवे चट्टे रोखणारी औषधे वेगळी आहेत. इंटरफेरॉन-बीटाला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. पुढे ग्लाटिरामर, डायमेथिल फ्युमरेट, नॅटालिझुमॅब इत्यादी औषधे आली. ऑक्रेलिझुमॅब (२०१७) हे सुरुवातीपासून वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी मान्य झालेले पहिले औषध. कायमची इजा होण्यापूर्वी उपचार सुरू करण्याकडे आज कल आहे. प्रभावी औषधांनी संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे आधी क्षयरोग व हिपॅटायटिस-बी यांच्या तपासण्या आणि आवश्यक लसीकरण करतात. नॅटालिझुमॅब देताना जेसी विषाणूच्या प्रतिपिंडांवर लक्ष ठेवतात. गर्भधारणेचे नियोजन औषध निवडतानाच विचारात घेतात.

स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन, तसेच भौतिकोपचार, नियमित व्यायाम, मूत्राशयाची काळजी आणि नैराश्यावरील उपचार यांचीही गरज असते. प्रगतीचा मागोवा ठरावीक काळाने केलेल्या एमआरआयने व ० ते १० अंशांच्या कुर्ट्झके अपंगत्वश्रेणीने घेतात. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश असून पात्र रुग्णांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते.