पोलादी चौकट आणि गांवचें दप्तर

राज्य बदललें म्हणजे कारभाराची तऱ्हाहि बदललीच पाहिजे, अशी आपली भोळी समजूत असते. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं निशाण बदललें; परंतु कचेऱ्या पुन्हा उघडल्या तेव्हां कलेक्टर, मामलेदार, शिरस्तेदार आपापल्या पदांवर कायम होते. ज्या यंत्रानें पिढ्यान्‌पिढ्या परक्या सत्तेची चाकरी केली, तें लोकसत्तेची चाकरी कशी करणार, हा प्रश्न पुष्कळांना छळीत होता.

या यंत्राचा मुकुटमणि म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस. १८५३ च्या कायद्यानें तिचीं दारें स्पर्धा-परीक्षेला उघडलीं खरीं, पण परीक्षा लंडनला! सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्यें पहिले हिंदी उमेदवार म्हणून तींत उतरले; त्यांची नोकरी मुंबई इलाख्यांत झाली व १८९७ मध्यें साताऱ्याचे न्यायाधीश असतां ते निवृत्त झाले. हिंदुस्थानांत ही परीक्षा होऊं लागली ती १९२२ पासून. त्याच वर्षीं लॉइड जॉर्ज यांनीं या नोकरवर्गाला पोलादी चौकट म्हटलें. नेहरूंनीं तर १९३६ च्या आत्मचरित्रांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, या वर्गाची वृत्ति कारभारांत मुरलेली असेपर्यंत नवी घडी बसणें शक्य नाहीं.

असें असूनहि ऑक्टोबर १९४६ मध्यें प्रांतांच्या मुख्य मंत्र्यांची परिषद बोलावून नव्या अखिल भारतीय सेवेला त्यांची संमति मिळविली ती वल्लभभाई पटेलांनीं. पुढें जुन्या अधिकाऱ्यांना दिलेलीं आश्वासनें घटनेंत नमूद करावींत कीं नाहींत, यावर १० ऑक्टोबर १९४९ रोजीं घटना-समितींत खडाजंगी झाली. ज्यांनीं आम्हांस तुरुंगांत घातलें त्यांनाच अभय द्यावयाचें काय, हा आक्षेप कांहीं खोटा नव्हता. वल्लभभाई स्वतःहि अनेकदां तुरुंगांत जाऊन आलेले. पण दिलेला शब्द पाळला पाहिजे, आणि आपलें मत निर्भयपणें सांगणारी निर्धास्त नोकरी नसेल तर देश एकत्र राहणार नाहीं, असें त्यांनीं सभासदांना बजावलें. आश्वासन ३१४ व्या कलमांत आलें. १९७२ च्या घटनादुरुस्तीनें तें कलम गेलें. शब्द देणारे वल्लभभाई १९५० मध्येंच निवर्तले होते.

आमच्या मतें त्या घटकेला दुसरा मार्ग नव्हता. निर्वासितांचे लोंढे येत होते; दक्षिणेंतील मराठी संस्थानें मार्च १९४८ मध्यें आणि कोल्हापूर मार्च १९४९ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. गंमत अशी कीं, संस्थानांच्या विलीनीकरणांत वल्लभभाईंचे उजवे हात ठरलेले व्ही. पी. मेनन हे या पोलादी वर्गांतले नव्हतेच. ते कारकुनीपासून वर चढलेले गृहस्थ होते.

खरा पालट झाला तो मात्र गांवांत, आणि त्याचा गाजावाजा थोडा. गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं रुमालांत बांधलेलें असे, तें बापाकडून लेकाकडे जाई. कुणब्याला स्वतःच्याच जमिनीविषयीं काय लिहिलें आहे हें वाचतां येत नसे. मग कुलकर्णी सांगेल तें खरें. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत याच लेखणीवर आसूड ओढला. मुंबई राज्यानें १९५० च्या कायद्यानें हें वतन काढून घेतलें, व १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकीहि संपली. दप्तर पगारी तलाठ्याकडे आलें. तलाठ्याची बदली होते, त्याच्यावर अपील करतां येतें. वतनदाराची बदली कोण करणार? अर्थात् सात-बाराच्या उताऱ्यासाठीं खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद नेहमींच जाणवला असेल असें नाहीं.

जिल्ह्याची गोष्ट मधली. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या. शाळा, दवाखाने, रस्ते निवडून आलेल्या मंडळींकडे गेले. इतर कित्येक राज्यांप्रमाणें कलेक्टरला परिषदेंत न बसवितां येथें तिच्यासाठीं वेगळा मुख्य अधिकारी नेमला. महसूल व बंदोबस्त मात्र कलेक्टरकडेच राहिला. जुन्या सेवेचे शेवटचे अधिकारी निर्मल मुकर्जी १९८० मध्यें निवृत्त झाले. त्यानंतर हेच मुकर्जी, जिल्ह्याचें सरकार लोकांनीं निवडलेलें असावें, असें लेखांतून आग्रहानें मांडीत राहिले.