संस्कार कोणते?

शाळेत चारित्र्य घडवायचे तर परंपरेची मूल्ये शिकवा, असे सांगितले जाते. पण कोणती परंपरा?

मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. न्यूनगंड जावा म्हणून ते मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. कर्णाचा, वाल्मीकीचा दाखला देत. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसलेल्या भीमरावांना ते पटले नाही. राम, कृष्ण, भीष्म आपल्याला रुचत नाहीत, असे त्यांनी सांगितले. वडील गप्प राहिले. मुलाला मात्र त्यांनी गप्प केले नाही.

१९५४ साली बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर, फुले. घरातला कबीर राहिला, ग्रंथप्रामाण्य गेले. समतेच्या कसोटीवर वारसा पारखण्याचे हे धैर्य म्हणजेच चारित्र्य. प्रश्न दडपून दिलेला संस्कार ही गुलामीचीच दीक्षा होय.