भ्यूंडारच्या खोऱ्याचे शोधक

नांदेड येथें गोदावरीच्या कांठीं १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांचा देह पडला, हें महाराष्ट्रांतील बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्यांच्या चरित्राचा आरंभ कोठें झाला असें एखाद्या श्रद्धाळू शिखास विचारलें, तर तो पाटण्याचें नांव सांगून थांबणार नाहीं. गुरूंच्या नांवावर असलेल्या 'बचित्तर नाटक' ह्या पद्यमय आत्मकथनांत त्यांच्या पूर्वजन्माची हकीकत आहे. जेथें पूर्वीं पंडुराजानें योगसाधना केली, त्या सात शिखरांच्या हेमकुंटावर आपण उग्र तप केलें आणि ईश्वराज्ञेनें ह्या लोकीं आलों, असा तिचा आशय. तें हेमकुंट पृथ्वीवर नेमकें कोठें, ह्या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकांत गढवालमधील भ्यूंडारच्या खोऱ्यानें दिलें. आणि मौज अशी कीं, त्याच दशकांत त्याच खोऱ्याचा एका इंग्रज गिर्यारोहकानेंही 'शोध' लावला.

बदरीनाथाच्या वाटेवर पांडुकेश्वराच्या अलीकडे गोविंदघाट लागतो. तेथें अलकनंदा ओलांडून उजवीकडच्या खोऱ्यांत शिरलें, कीं देवदारांच्या छायेंतून वर चढत जाणारी वाट दहा हजार फुटांवरील घांघरियास पोंचते. पुढें दोन फांटे. डावा फांटा पुष्पावती नदीच्या कुरणांकडे जातो; उजवा, छातीवर येणारा चढ चढून, चौदा हजार फुटांवरील एका निळ्या सरोवरापाशीं संपतो.

हें सरोवर कोणास अज्ञात नव्हतें. आसपासच्या गांवांत त्याचें नांव लोकपाल. येथें लक्ष्मणानें तप केलें, अशी पहाडी लोकांची श्रद्धा. त्याचें लहानसें देऊळ कांठावर होतें, आणि ठरलेल्या पर्वणीस खालचीं माणसें स्नानास वर येत. पंडित तारासिंह नरोत्तम ह्या निर्मळ पंथाच्या विद्वानानें १८८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या तीर्थसंग्रहांत हेमकुंटाचा निर्देश केला. पुढें अमृतसरच्या भाई वीरसिंहांनीं गुरुचरित्रांत त्याचें वर्णन केलें. तें वाचून संत सोहनसिंह नांवाचे, सैन्यांतून निवृत्त झालेले एक ग्रंथी शोधास निघाले. पांडुकेश्वर हें नांव त्यांना पंडुराजाची खूण वाटलें. लोकपालास जाणाऱ्या ग्रामस्थांच्या मागोमाग तेही वर गेले आणि १९३४ मध्यें सरोवराभोंवतीं सात शिखरें पाहून त्यांची खात्री पटली. भाई वीरसिंहांनीं पैसा उभा केला, हवालदार मोदनसिंह सोहनसिंहांच्या जोडीस आले, आणि दहा फूट लांब-रुंद असा दगडी गुरुद्वारा उभा राहिला. १९३७ मध्यें तेथें ग्रंथसाहेबाची स्थापना झाली.

इतिहासाच्या काटेकोर कसोटीस हा पुरावा तोकडा आहे, हें मान्य केलें पाहिजे. शिखरांची गणना कोठें उभे राहून करावी, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें. शिवाय खुद्द त्या काव्याच्या कर्तृत्वाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तथापि तीर्थें पुराव्यानें निर्माण होत नाहींत. पाठीवर दगड वाहून चौदा हजार फुटांवर नेणाऱ्या माणसांचे श्रम हाही इतिहासच होय.

आतां दुसरा शोध. १९३१ च्या जूनमध्यें फ्रँक स्माइथच्या तुकडीनें कामेट हें पंचवीस हजार फुटांहून उंच शिखर सर केलें. परततांना ते भ्यूंडार खिंड ओलांडून पावसाळी धुक्यांत खालीं उतरले, तों पायाखालीं फुलेंच फुलें. स्माइथला त्या दृश्यानें असें वेड लावलें कीं १९३७ मध्यें तो पुनः आला, वनस्पतींचे नमुने व बिया जमवीत राहिला, आणि पुढल्या वर्षीं त्याचें पुस्तक निघालें. त्याच्या इंग्रजी नांवावरूनच खोरें जगास 'फुलांची दरी' म्हणून ठाऊक झालें. ज्या वर्षीं वर ग्रंथसाहेब विराजमान झाला, त्याच वर्षीं खालीं एक परदेशी माणूस निळ्या खसखशीच्या फुलांपुढें गुडघे टेकीत होता! दोघांपैकीं एकानेंही दुसऱ्याची खबर ठेवल्याचें निदान आमच्या वाचनांत नाहीं. १९३९ मध्यें जोन मार्गारेट लेग ही वनस्पतिसंग्राहिका इंग्लंडहून आली व ४ जुलै रोजीं उतारावरून घसरून मृत्यु पावली. तिच्या बहिणीनें उभारलेली समाधिशिला त्या कुरणांत आहे, आणि प्रवासी तीवर फुलें वाहतात. तीर्थ असेंही बनतें.

परंतु ह्या दोन्ही शोधांच्या पूर्वीं तें कुरण मेंढपाळांचें होतें. गढवालींत अशा उंच कुरणास 'बुग्याल' म्हणतात. बर्फ वितळलें कीं शेळ्यामेंढ्यांचे कळप वर येत. ब्रह्मकमळ नंदाष्टमीपूर्वीं खुडावयाचें नाहीं, कुरणांत आंछऱ्या—म्हणजे पऱ्या—वावरतात म्हणून गलका करावयाचा नाहीं, असे निर्बंध त्यांचे त्यांनींच घालून घेतलेले. १९८२ मध्यें खोरें राष्ट्रीय उद्यान झालें, कळपांस मज्जाव झाला, रात्रीं मुक्काम करणेंही बंद झालें. २००५ मध्यें युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. मात्र पुढें कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञांस असें दिसलें कीं, 'अमेला' नांवाची उंच, दाट वाढणारी वनस्पति बुटक्या फुलझाडांवर मात करीत आहे. मेंढ्या तिला तुडवीत व खात, म्हणून ती आटोक्यांत राही, असें एका पक्षाचें म्हणणें. चराईमुळें जी जमीन बिघडली होती तेथेंच ती माजते, असें दुसऱ्याचें. कास पठाराच्या कुंपणाविषयीं आपल्याकडेही असाच वाद झाला. आम्हांस एवढेंच खटकतें कीं, कळप हटविण्यापूर्वीं मेंढपाळास कोणी फारसें विचारलेलें दिसत नाहीं. स्माइथनें पाहिलेलीं फुलें कोणा अस्पर्शित नंदनवनांतलीं नव्हतीं. चरून गेलेल्या कुरणांतलीं होतीं.

आज हेमकुंटास ताऱ्याच्या आकाराचा मोठा गुरुद्वारा आहे. शेजारीं लक्ष्मणाचें देऊळही आहे. मोसमांत शिखांची रीघ लागते. भ्यूंडारच्या माणसांची उपजीविका आतां खेंचरें, उपाहारगृहें व यात्रेकरूंचें सामान ह्यांवर चालते. २०१३ च्या जूनमधील महापुरानें ह्या वाटेवरील पूल नेले आणि भ्यूंडार गांवचीं घरें वाहून गेलीं. वाट पुनः बांधली गेली. खालीं कुरणांत, पुरुषभर वाढणाऱ्या तेरड्याच्या भाऊबंदांमध्यें, वनखात्याचे मजूर उन्हाळा-पावसाळ्यांत अमेला उपटीत असतात.