बोरघाट ते चाकण : वेगवान रेल्वेचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा औद्योगिक पट्टा पुणे-मुंबई व पुणे-नाशिक या दोन जुन्या मार्गांच्या बेचक्यात वाढला असून, त्यांपैकी पहिल्या मार्गावर रेल्वे 1858पासून धावते आहे, तर दुसऱ्यावर ती अद्याप आलेलीच नाही. त्यामुळे वेगवान रेल्वेला किती पैसा लागतो आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे पडताळून पाहण्यास हा पट्टा सोयीचा ठरतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीशी 1849मध्ये झालेल्या करारात भांडवलावर 5 टक्के हमी व्याज मान्य करण्यात आले होते. म्हणजे रेल्वेचे उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरीतून, अर्थात रयतेच्या करातून, भरून द्यायची आणि जमीनही सरकारनेच पुरवायची, अशी ती व्यवस्था होती. खंडाळा-पुणे लोहमार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला तरी घाटाचे काम अपुरे असल्याने प्रवाशांना खोपोली ते खंडाळा हे अंतर पालखीने किंवा तट्टावरून कापावे लागे. बोरघाटाचा सुमारे 25 किलोमीटरचा चढ 25 बोगद्यांसह 1863मध्ये पूर्ण झाला आणि त्यावर सुमारे 11 लाख पौंड खर्च झाले. 1861च्या आरंभी या कामावर 42 हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींनी आणि अपघातांनी त्यांतील हजारो दगावले, तर थकलेल्या मजुरीवरून 1859मध्ये दंगाही झाला. कंपनीच्या भागधारकांना व्याजाची हमी होती, मजुरांना कसलीच नव्हती.

या खर्चाचा लाभ प्रथम लष्कराला आणि कापसाच्या व्यापाराला मिळाला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही गावे रुळांलगत असूनही पुढची जवळपास नव्वद वर्षे मुख्यतः शेतीवरच राहिली. 1954मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला, 1962मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर भूखंड, पवनेचे पाणी, वीज आणि महामार्ग यांची जोड मिळाली, तेव्हा कुठे या गावांचे कारखान्यांचे शहर झाले. पुणे-लोणावळा लोकल तर 1978मध्ये सुरू झाली, आणि कामगाराच्या दृष्टीने रेल्वे खऱ्या अर्थाने तेव्हाच आली असे म्हणता येईल.

दरम्यान वेगाचे आकर्षण वाढतच होते. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर 1930मध्ये सुरू झालेली डेक्कन क्वीन पावणेतीन तासांत मुंबई गाठत असे. आज तिलाच तीन तासांहून अधिक लागतात, कारण मध्यंतरी गाड्या वाढल्या, परंतु पुणे-लोणावळा टप्प्यावर रूळ मात्र दोनच राहिले. 2018मध्ये पुणे-मुंबई प्रवास अर्ध्या तासाच्या आत घडवू पाहणाऱ्या हायपरलूपचा, म्हणजे हवा जवळजवळ काढून घेतलेल्या नळीतून डबे धावण्याच्या योजनेचा, मोठा गाजावाजा झाला. गहुंजेजवळून चाचणी-मार्ग जाणार होता. तो झाला नाही आणि 2023च्या अखेरीस संबंधित कंपनीच गुंडाळली गेली.

याहून अधिक विचारार्ह प्रकल्प पुणे-नाशिक अर्ध-द्रुतगती रेल्वेचा आहे. ताशी 200 किलोमीटर वेगाची प्रवासी गाडी आणि त्याच रुळांवर मालगाडी, अशी 235 किलोमीटरची ही योजना चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या वाटेने आखली गेली आणि तिचा अंदाजित खर्च 16,039 कोटी रुपये धरण्यात आला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरसाठी मूळ अंदाज 1 लाख 8 हजार कोटींचा होता. दर किलोमीटरला पहिल्या योजनेत सुमारे 68 कोटी, तर दुसरीत सुमारे 212 कोटी पडतात. अंदाज टिकतात असे मात्र नाही: 1964मध्ये सुरू झालेल्या जपानच्या तोकाइदो शिन्कान्सेनचा खर्चही मूळ आकड्याच्या जवळजवळ दुपटीवर गेला होता. पुणे-नाशिक मार्ग अडला तो वेगळ्याच कारणाने. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपते आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे त्यात व्यत्यय येईल असा आक्षेप आल्याने रेल्वे मंत्रालयाने अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे केला. दुर्बिणीचा आक्षेप रास्त होता, तथापि त्याची झळ आंबेगाव, जुन्नर व संगमनेर तालुक्यांना बसली.

लोहमार्गाचा लाभ गाडीच्या कमाल वेगापेक्षा ती कोठे थांबते आणि माल वाहते की नाही यावर अधिक ठरतो, असेच पिंपरीचा इतिहास दाखवतो. म्हणून या पट्ट्यापुरता पैशावरचा पहिला हक्क पुणे-लोणावळा तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा आणि चाकणच्या मालस्थानकाचा आहे; बुलेट ट्रेनचा क्रम त्यांच्यानंतर लागतो.