सीलिंग स्पीकर किती इंचांचा घ्यायचा? पीओपीला भोक पाडण्याआधी हे मोजा

नांदेडचा तरोडा असो की लातूरचा औसा रोड, नव्या घरात पीओपीचं काम सुरू झालं की लाईट कुठे, पंखा कुठे यासोबत हल्ली आणखी एक प्रश्न निघतो: छतात स्पीकर बसवायचे का? बसवायचं ठरलं की दुकानदार विचारतो, "सहाचे देऊ की आठचे?" आणि बरेच जण "मोठेच द्या" म्हणून मोकळे होतात.

गडबड इथेच होते. पीओपीचं भोक नंतर मोठं करता येतं, लहान करता येत नाही. म्हणून साइज आधी ठरवा, आणि ती खोली बघून ठरवा.

इंच म्हणजे नेमकं काय?

४, ५.२५, ६.५ किंवा ८ इंच हा आकडा साधारणपणे आतल्या मुख्य पडद्याचा, म्हणजे कोनचा असतो. छतातलं भोक त्याहून मोठं लागतं. ६.५ इंची स्पीकरला साधारण ८ इंचांचं भोक पाडावं लागतं. नेमका आकडा बॉक्सवर 'कट-आउट' म्हणून लिहिलेला असतो.

कोन मोठा असेल तर तो जास्त हवा ढकलतो, त्यामुळे ढोलकी-पखवाजाचा खालचा घुमार चांगला येतो. ८ इंची कोनचं क्षेत्रफळ ४ इंचीच्या चौपट असतं. पण ६.५ आणि ८ मधला फरक सुमारे दीडपटच आहे. आवाजाचा स्पष्टपणा मात्र नुसत्या इंचांवर ठरत नाही.

कोणत्या खोलीला किती?

- देवघर, बाथरूम, पॅसेज: ४ इंच. भजन, बातम्या, हलकी गाणी यासाठी पुरेसा.
- स्वयंपाकघर, १० बाय १२ ची बेडरूम: ५.२५ किंवा ६.५ इंचांचे दोन.
- १२ बाय १८ चा हॉल: ६.५ इंचांचे दोन. बहुतेक घरांसाठी हीच साइज योग्य.
- त्याहून मोठा किंवा डबल हाइटचा हॉल: ८ इंच, किंवा ६.५ चे चार.

सिनेमाचा खोल धमाका हवा असेल तर ८ इंचीवर पैसे घालण्यापेक्षा ६.५ सोबत वेगळा सबवूफर घ्या. तो जमिनीवर राहतो, छताला हादरे देत नाही.

एक सोपं गणित

छताची उंची घ्या. त्यातून बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून जितका वर असतो ती उंची वजा करा. उत्तराची दुप्पट म्हणजे एका स्पीकरचा आवाज साधारण जितका नीट पसरतो त्या वर्तुळाची रुंदी.

उदाहरण बघा. पीओपीनंतर छत साडेनऊ फुटांवर आहे आणि सोफ्यावर कान साडेतीन फुटांवर. फरक ६ फूट, म्हणजे वर्तुळ १२ फुटांचं. १२ बाय १८ च्या हॉलमध्ये दोन स्पीकर एकमेकांपासून ९ फुटांवर आणि जवळच्या आडव्या भिंतीपासून साडेचार फुटांवर लावले, तर कोपरे सोडून सगळीकडे सारखा आवाज मिळतो.

पंखा आणि कूलर विसरू नका

आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा आणि कूलर दोन्ही सुरू असतात. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट जातं. स्पीकर त्या घेराच्या बाहेरच हवा, नाहीतर आवाज पात्यांवर आपटून थरथरतो. कूलरच्या घरघरीत गाणं ऐकू यावं म्हणून एक मोठा स्पीकर जोरात वाजवण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर बसण्याच्या जागेजवळ असणं बरं.

वर जागा किती आहे?

पीओपी आणि स्लॅबमधलं अंतर टेपने मोजा. स्पीकरची खोली साइजनुसार साधारण ३ ते ५ इंच असते. वर अर्धा-एक इंच मोकळा राहील असाच स्पीकर निवडा. जागा कमी पडली म्हणून स्लॅब फोडू देऊ नका, आत सळया असतात. पीओपी नसेलच, तर भिंतीवरचे स्पीकर घ्या.

डोक्यावरचं वजन

एक स्पीकर दीड ते तीन किलोचा असू शकतो. तो नुसत्या पीओपीच्या किंवा पीव्हीसीच्या शीटवर लटकवू नका. मागून प्लायची रिंग लावा आणि स्पीकरला बांधलेली स्टीलची तार स्लॅबमधल्या हुकात अडकवा.

डोक्यावरच्या वजनाचं मोल मराठवाड्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. २१ मार्च २०२४ लाही हिंगोली-नांदेड भागात धक्के जाणवले होते. तारेचा खर्च किरकोळ आहे, तो वाचवू नका.

दुकानात हे विचारा

१. हा ८ ओहमचा आहे का? दुकानांत, मंदिरांत लावतात ते बरेच स्पीकर १०० व्होल्ट लाइनचे असतात. ते घरच्या साध्या ॲम्प्लिफायरवर नीट चालत नाहीत.

२. आरएमएस वॅट किती? बॉक्सवर मोठ्या अक्षरातला पीएमपीओचा आकडा सोडून द्या.

३. सेन्सिटिव्हिटी किती? ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो.

४. एका चॅनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार ४ ओहम होतो. ॲम्प्लिफायर तेवढं झेपवतो का?

वायर तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची घ्या आणि पीओपी बंद होण्याआधीच टाकून घ्या. स्पीकर नंतर घेतले तरी चालतील.

भोक पाडायची वेळ आली की बॉक्समधला कागदी टेम्प्लेट छताला चिकटवा. टेम्प्लेट नसेल तर कट-आउटच्या मापाचा पुठ्ठा कापा. खाली सोफ्यावर बसून एकदा वर बघा, पंखा, लाईट आणि पीओपीची पट्टी आड येत नाही ना तपासा, आणि मगच कारागिराला कटर चालवायला सांगा.